सरकारी रोख्याचे पाच लाख पावणेपाच कसे झाले?

पत्र

स. न. वि. वि.

मी निवृत्त शिक्षिका, वय ६४, मुक्काम कराड. सातवी-आठवीला गणित शिकवत होते. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेची ३० लाखांची मर्यादा भरल्यावर हाताशी पाच लाख उरले. पुतण्या म्हणाला, ‘काकू, व्याजदर उतरताहेत, आता सरकारी रोखे वर जाणार.’ त्यानंच रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या संकेतस्थळावर खातं उघडून दिलं आणि एप्रिल २०२५ मध्ये ६.९० टक्क्यांचा, २०६५ ला संपणारा रोखा शंभराच्या भावानं घेतला. व्याजदर खरोखरच उतरले. ऑक्टोबरमध्ये १७,२५० रुपये व्याजही वेळेवर आलं. पण आता त्याच रोख्याची किंमत चार लाख चौऱ्याहत्तर हजार दिसते. सरकारी कागदात तोटा होतोच कसा? आमचे हे म्हणतात, विकून टाक आणि एफडी कर. २०२८ मध्ये वरच्या खोल्यांचं काम काढायचं आहे, त्याला यातलेच दोनेक लाख लागतील. त्यात एका माणसाचा सारखा फोन येतो : एका फायनान्स कंपनीचा बाँड, ११ टक्के व्याज, शंभराचा कागद १०४ ला, दोन वर्षं मुदत, ‘ए’ रेटिंग. काय करू?

— एक वाचक

उत्तर

बाई, नमस्कार.

गणिताच्या शिक्षिकेला ताई म्हणवत नाही, म्हणून बाईच म्हणतो.

सरकार बुडालेलं नाही आणि पुतण्यानंही फसवलेलं नाही. सरकारनं तुम्हाला दिलेला शब्द एवढाच आहे : दर १५ एप्रिलला आणि १५ ऑक्टोबरला १७,२५० रुपये, आणि १५ एप्रिल २०६५ ला पाच लाख. त्यातला पहिला हप्ता तुम्हाला मिळाला, बाकीचेही मिळतील. मधेच रोखा विकायला काढलात तर किती येतील, याबद्दल मात्र सरकारनं अवाक्षर काढलेलं नाही. तो आकडा बाजार ठरवतो, आणि तुमच्या खात्यात दिसतो तो हाच. ‘सरकारी म्हणजे सुरक्षित’ हे वाक्य हप्त्यांपुरतं शंभर टक्के खरं आहे. भावाला ते लागू नाही. रोखे विकणारे हा फरक सांगायला सोयीस्कर विसरतात.

हा भाव कसा निघतो ते एकदा हातानं करून बघा, तुम्हाला पाच मिनिटं लागतील. चक्रवाढ व्याजाचं सूत्र तुम्ही फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं असेल : आजचे इतके, तर अमुक वर्षांनी किती. रोख्याला ते उलटं लावायचं. अमुक वर्षांनी इतके मिळणार आहेत, तर त्यांचे आज किती?

शंभर रुपयांचा रोखा घेऊ. दर सहामाहीला ३ रुपये ४५ पैसे, असे सोयीसाठी पूर्ण ८० हप्ते धरू, आणि शेवटी मुद्दल १००. समजा, इतक्या लांब मुदतीसाठी बाजार आज वर्षाला ७.३० टक्के, म्हणजे सहामाहीला ३.६५ टक्के मागतो आहे. मग पहिल्या हप्त्याला १.०३६५ नं एकदा भागायचं : ३ रुपये ३३ पैसे. दुसऱ्याला दोनदा : ३ रुपये २१ पैसे. दहा वर्षांनी येणारा विसावा हप्ता आज १ रुपया ६८ पैशांचा आहे. शेवटचा, ऐंशीवा हप्ता वीस पैशांचा. आणि २०६५ ला मिळणारे ते शंभर रुपये? आज त्यांची किंमत ५ रुपये ६८ पैसे. सगळी बेरीज ९४ रुपये ८३ पैसे होते. तुमच्या पाच लाखांना याच भावानं ४,७४,१५० रुपये. तुम्हाला दिसलेला आकडा बरोबर इथून आला.

या बेरजेत मुद्दलाचा वाटा पहा. पावणेसहा रुपयेसुद्धा नाही. बाकीचे ८९ रुपये नुसत्या व्याजाच्या हप्त्यांचे आहेत. ‘मी पाच लाख सरकारकडे ठेवले’ असं तुम्ही म्हणता, पण हिशेबानं पाहिलं तर तुम्ही चाळीस वर्षांचं एक ठरीव उत्पन्न विकत घेतलं आहे, शेवटी एक लहानशी भेट जोडून. उत्पन्न ठरीव आणि बाजाराची मागणी बदलती, त्यामुळे जुळवून घ्यायला भाव एवढीच एक जागा उरते. बाजार ७.३० मागत असेल तर ६.९० देणारा कागद कुणी शंभराला घेणार नाही. तो स्वस्त द्यावा लागतो.

मुदत जितकी लांब, तितका हा हिसका मोठा. हाच ६.९० टक्क्यांचा रोखा एका वर्षात संपणार असता, तर दर ७.३० झाल्यावर त्याचा भाव ९९.६२ असता. दहा वर्षांचा असता तर ९७.२०. चाळीस वर्षांचा आहे म्हणून ९४.८३. याच नियमानं दर ७.७० झाला तर भाव ९०.१२ पर्यंत खाली येईल, आणि ६.५० झाला तर १०५.६८ पर्यंत वर जाईल.

भाव शंभराच्या वर की खाली, एवढ्यावरून रोखा महाग की स्वस्त ते कळत नाही, हे इथंच सांगून ठेवतो. सरकारचे दोन रोखे डिसेंबर २०३० च्या एकाच आठवड्यात संपतात. एक ८.९७ टक्क्यांचा, दर चढे असताना २०११ मध्ये निघालेला. दुसरा ५.८५ टक्क्यांचा, कोविडच्या काळात डिसेंबर २०२० मध्ये काढलेला. साधारण पाच वर्षं उरली आहेत आणि बाजार ६.३० टक्के मागतो असं धरलं, तर पहिल्याचा भाव १११ रुपये ३० पैसे येतो आणि दुसऱ्याचा ९८ रुपये १० पैसे. घेणाऱ्याच्या पदरात दोन्हींकडून शेवटी तेच ६.३० टक्के पडतात. एकात व्याज जास्त पण मुद्दलात घट, दुसऱ्यात व्याज कमी पण मुद्दलात थोडी भर. या पदरात पडणाऱ्या दरालाच बाजारात यील्ड म्हणतात, किंवा मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा. दोन रोख्यांची तुलना नेहमी त्यावर करायची, नावात लिहिलेल्या टक्क्यावर नाही.

आता पुतण्याचं गणित. अर्धं बरोबर होतं. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो दर ६.५० वरून ५.५० वर आणला. पण रेपो हा बँकांनी रिझर्व्ह बँकेकडून अगदी थोड्या दिवसांसाठी पैसे उचलण्याचा दर. त्याची पकड तीन महिने, वर्ष, फार तर काही वर्षांच्या कागदांवर असते. चाळीस वर्षांच्या पैशाचा दर वेगळ्याच गोष्टींवर ठरतो : पुढे महागाई किती राहील, केंद्र आणि राज्यं मिळून लांब मुदतीचे किती रोखे बाजारात ओतणार, आणि ते घ्यायला विमा कंपन्या व पेन्शन फंडांकडे भूक किती.

६ जून २०२५ ला तर गंमतच झाली. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेनं एकदम अर्धा टक्का कपात केली, रोख राखीव प्रमाण, म्हणजे बँकांनी ठेवींतला जो वाटा रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा तोही, एक टक्क्यानं उतरवायचं ठरवलं, आणि त्याच दमात आपलं धोरण ‘उदार’वरून ‘तटस्थ’ केलं. बाजारानं अर्थ काढला की दरकपातीचा पाऊस इथं थांबला. रेपो खाली आला आणि लांबचे रोखे पडले. मग सप्टेंबरमध्ये जीएसटीचे दर कमी झाले, तेव्हा सरकारचा महसूल घटून उसनवारी वाढेल का ही शंका जोडीला आली. ‘रेपो उतरला की रोखे वर’ हे एवढंच ऐकून चाळीस वर्षांचा कागद घेणाऱ्या अनेकांचं तुमच्यासारखंच झालं.

एवढे लांब रोखे घेतं तरी कोण? मुख्यतः आयुर्विमा कंपन्या आणि पेन्शन फंड. त्यांची देणीच तीस-चाळीस वर्षांनंतरची असतात, म्हणून मधल्या भावाचं त्यांना सुखदुःख कमी. त्यांच्यासाठी सरकारनं २०२३ मध्ये ५० वर्षांचाही रोखा काढला. याच्या उलट उदाहरण अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचं. तिच्याकडचे बरेचसे रोखे सरकारी किंवा सरकारी हमीचे होते, त्यांचे हप्तेही थकले नव्हते. पण मुदत लांब होती आणि ठेवीदार पैसे परत मागायला लागले, तेव्हा पडलेल्या भावात ते विकावे लागले. १.८ अब्ज डॉलरचा तोटा जाहीर झाला आणि दोनच दिवसांत, १० मार्च २०२३ ला बँक बंद झाली.

तेव्हा तुमच्यापुरता प्रश्न असा : हा रोखा तुम्हाला विकावा लागणार आहे का, आणि लागला तर कधी? उत्तर तुमच्याच पत्रात आहे. दोन लाखांना २०२८ ची तारीख लागली आहे, तीन लाखांना नाही. म्हणून दोन्हींचा सल्ला वेगळा.

दोन लाखांचे रोखे विका. आजच्या भावानं १,८९,६६० च्या आसपास येतील, म्हणजे दहा हजारांची खोट. जिवावर येईल, कळतं. पण ती खोट भाव पडला त्या दिवशीच झाली, विकल्यावर फक्त कागदावर उतरेल. ठेवलेत तर २०२८ मध्ये दोन लाखांचे एक लाख ऐंशी हजार होतील की दोन लाख अकरा हजार, हे आज कुणीही सांगू शकत नाही, आणि गवंडी भाव सुधारेपर्यंत थांबणार नाही. विकून आलेली रक्कम २०२८ च्या सुमारास मोकळी होईल अशा एफडीत घाला. कमी पडणारे दहा हजार तोवर उरलेल्या तीन लाखांच्या रोख्यांच्या व्याजातूनच जमतात. एक व्यवहारातली गोष्ट : स्क्रीनवरचा भाव आणि प्रत्यक्ष मिळणारा भाव यात लहान रकमेला फरक पडू शकतो. म्हणून खरेदीचे देकार काय लागलेत ते बघा, एका दिवसात उरकायची घाई नको, आणि विकताना किमान भाव टाकूनच ऑर्डर द्या.

तीन लाखांचे ठेवा. इथं तुमच्या यजमानांशी मी सहमत नाही. हिशेब बघा. पाच लाखांच्या रोख्यावर वर्षाला ३४,५०० येतात. आज विकून हातात ४,७४,१५० येणार. त्यांच्यावर तेवढंच उत्पन्न हवं असेल तर एफडीला ७.२८ टक्के मिळायला हवेत. सात टक्के मिळाले तरी ३३,१९० वर थांबाल, आणि बँकेत पाच लाखांपुढच्या रकमेला विमा नाही. ‘रोखा पडला, एफडी बरी’ असं वाटतं, कारण एफडीचा पडलेला भाव कुणी छापत नाही. दर वाढल्यावर जुनी दहा वर्षांची एफडीसुद्धा आपल्या मुदतीच्या मानानं मार खाते. पासबुकात तो आकडा येत नाही, म्हणून झोप लागते. एक गोष्ट मात्र एफडीच्या बाजूनं कबूल करायला हवी : मोडायची वेळ आली तर थोडा दंड कापून मुद्दल परत मिळतं. रोख्यात ती सोय नाही.

नुसतं व्याज हवं आणि भावाचा ससेमिरा नको, तर रिझर्व्ह बँकेचे बदलत्या दराचे बचत रोखे आहेत. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरापेक्षा ०.३५ टक्का जास्त, २०२५ मध्ये ८.०५ टक्के. मुदत सात वर्षं, बाजारात विकता येत नाहीत, त्यामुळे भाव हा प्रकारच नाही. साठी ओलांडलेल्यांना सहा वर्षांनी काढता येतात. ८.०५ पाहून तुम्ही विचाराल, मग तीन लाखही तिकडेच का नेऊ नयेत? नेलेत तर चूक म्हणणार नाही. पण तो दर जानेवारी-जुलैत बदलू शकतो. तुमची पोस्टातली योजनाही पाच वर्षांनी त्या वेळच्या दरानं नव्यानं करावी लागेल. नव्वदच्या दशकात एफडीला १२-१३ टक्के घेणाऱ्यांनी २००३-०४ पर्यंत तेच दर निम्म्याच्या आसपास आलेले पाहिलेत, तुम्हीही पाहिले असतील. तुमच्या सगळ्या पैशात आयुष्यभर न हलणारा दर या एकाच कागदाचा आहे. तेवढा एक असू द्यावा, असं माझं मत. महागाई चढली तर वर्षाचे २०,७०० तेवढेच राहतील, ही त्याची दुसरी बाजू. म्हणून यात आणखी भर घालू नका.

कराचं थोडक्यात. तुमच्या या सरकारी रोख्याच्या व्याजावर टीडीएस कापला जात नाही, पण व्याज करपात्र आहे, विवरणपत्रात आपणहून दाखवायचं. जुन्या करपद्धतीत ज्येष्ठांना ठेवींच्या व्याजावर ५० हजारांची वजावट मिळते, ती रोख्यांच्या व्याजाला नाही. विक्रीतला दहा हजारांचा तोटा भांडवली तोटा आहे. तो व्याजातून वजा होत नाही, पण विवरणपत्र मुदतीत भरलंत तर पुढची आठ वर्षं भांडवली नफ्यासमोर वापरता येतो. आणि खात्याला नामांकन झालंय ना, ते पुतण्याला बघायला सांगा. २०६५ चा कागद आहे.

आता तो फोन. शंभराचा कागद १०४ ला घेतलात की दोन वर्षांत मिळणार ११, ११ आणि १००. एकशे चारवर एकूण १८ रुपये. वरचं उलटं सूत्र लावा, परतावा साधारण ८.७ टक्के निघतो. अकरा टक्के हा शब्द फक्त फोनपुरता. शिवाय मागच्या व्याज-तारखेपासून साठलेलं व्याज तुम्हाला विकणाऱ्याला वेगळं द्यावं लागेल. सहा महिने झाले असतील तर आणखी साडेपाच रुपये. ते पुढच्या हप्त्यात परत येतं, फसवणूक नव्हे, पण आधी कुणी सांगत नाही म्हणून माणूस दचकतो.

आणि इथं दुसरी, खरी भीती सुरू होते : पैसे परतच न येण्याची. सरकारपेक्षा मिळणारा वरचा सगळा टक्का त्या भीतीची मजुरी आहे. ‘ए’ म्हणजे पहिला वर्ग असं तुम्हाला शाळेच्या सवयीनं वाटेल. पतमानांकनात त्याच्या वर ‘एए’ आणि ‘एएए’ आहेत. आणि सगळ्यात वरचंही कायमचं नसतं. आयएल अँड एफएस ही मुंबईतली बडी वित्त कंपनी ऑगस्ट २०१८ पर्यंत ‘एएए’ होती, सप्टेंबरात ‘डी’ झाली, म्हणजे थकबाकीदार. येस बँकेचे ८,४१५ कोटींचे एटी-१ प्रकारचे, म्हणजे बँक संकटात आली तर रद्द करता येणारे, रोखे मार्च २०२० मध्ये एका फटक्यात शून्य लिहिले गेले. त्यात निवृत्त लोकांचेही पैसे होते. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द ठरवला, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. बँक चालू राहिली, मुदतठेवी शाबूत राहिल्या, रोखे गेले. बँकेचं नाव छापलेला कागद म्हणजे बँकेची ठेव नव्हे.

पावणेनऊ टक्क्यांसाठी ‘ए’ दर्जाच्या एका कंपनीवर निवृत्तीचे पैसे लावा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तरी फोन येतच राहिला तर त्या माणसाला चार गोष्टी ईमेलवर लिहून मागा : सेबीचा नोंदणी क्रमांक, मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा, रोखा तारण असलेला आहे की बिनतारणी किंवा दुय्यम (म्हणजे परतफेडीच्या रांगेत मागे उभा), आणि कंपनीला तो मुदतीआधी परत घ्यायचा हक्क आहे का. पैसे शेअर बाजाराच्या क्लिअरिंग खात्याऐवजी त्याच्या किंवा त्याच्या फर्मच्या खात्यात मागितले, तर तिथंच फोन ठेवा. चारही उत्तरं लेखी आली, तर मला पाठवा, एकेक ओळ वाचून पुढच्या अंकात कळवतो.